परवलीचा शब्द आणि किल्ली
(शिक्षकांच्या मासिक सभेपुढील भाषण)



श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीचा जनावरांचा बाजार दूरदूरच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. जनावरांच्या बाजारातील सौद्याची जुनी रीत ज्याने एकदा पाहिली, त्यास ती सहसा विसरता येत नाही. घेणारा आणि देणारा, किंवा त्यांच्या वतीने दलाल, उपरण्याच्या आड एकमेकांचा हात धरतात. बोटांच्या खुणांनी किंमत बोलली जाते, घासाघीस होते, सौदा मोडतो किंवा जमतो. भोवती पन्नास माणसे उभी असतात. पण आकडा कोणासही कळत नाही.

हे उपरणे एक काम चोख करते. दुसरे मात्र त्याच्याने होत नाही. ते आकडा झाकते, परंतु पलीकडचा हात कोणाचा हे सांगत नाही. दावणीचा बैल विकणाऱ्याच्याच मालकीचा आहे, हेही सांगत नाही. त्यासाठी ओळखीचा माणूस लागतो, पावती लागते. गुप्तता ही एक गोष्ट आणि ओळख ही दुसरी. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्याचे जे शास्त्र आहे, त्याचा पाया हाच भेद होय.

खेड्यातील शिक्षकास या शास्त्राशी काय कर्तव्य, असे कोणास वाटेल. परंतु शाळेचे काम आज त्यापासून दूर राहिलेले नाही. पूर्वी जनरल रजिस्टर शाळेच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकाच्या खिशात असे. आता यू-डायस प्लस या राष्ट्रीय प्रणालीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. शिक्षकांची वेतनबिले शालार्थ प्रणालीतून निघतात. ज्या संगणकांत ही माहिती साठते, ते कोठे तरी थंड ठेवलेल्या मोठ्या दालनात रांगेने उभे असतात. त्यांच्याजवळ सहसा कोणी बसत नाही. देखभाल करणारा दुसऱ्याच गावी बसून जाळ्यावरून त्यांत शिरतो. अशा वेळी दारावर ‘कोण आहे?’ असे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर कसे द्यावयाचे हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे परवलीचा शब्द. किल्ल्याच्या दरवाजावर रात्री पहारेकरी तो विचारी आणि येणारा तो सांगे. शब्द जुळला की दिंडी उघडे. या रीतीत एक दोष मुळातच आहे. ओळख पटविण्यासाठी गुपित उच्चारावे लागते, आणि उच्चारलेले गुपित ऐकणाऱ्याचेही होते. झाडीत दडलेल्या शत्रूने तो शब्द एकदा ऐकला की त्या रात्री तोही आपलाच माणूस ठरतो. शिवाय खुद्द पहारेकरी फितूर असला, तर त्याच्यापासून तो लपविणार तरी कसा?

संगणकाचा पासवर्ड म्हणजे हाच परवलीचा शब्द होय. जबाबदार संगणक आज तो जसाच्या तसा साठवीत नाहीत. उलट फिरविता येणार नाही असे त्याचे रूप करून ठेवतात. तरीही प्रत्येक प्रवेशाच्या वेळी तो शब्द समोरच्या संगणकाच्या हाती द्यावाच लागतो. समोरचा संगणक तोतया असला तर गुपित तेथेच संपले.

हा दोष किती खरा आहे याचा प्रत्यय १९९५ साली फिनलंड देशात आला. त्या काळी दूरच्या संगणकात शिरण्यासाठी टेलनेट नावाची रीत सर्वत्र रूढ होती. तीत पासवर्ड उघड्या पत्रासारखा तारेवरून जात असे. हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी कान लावून असे पासवर्ड गोळा करीत असल्याचे उघडकीस आले. तेथील तातू उलोनेन या संशोधकाने यावर उपाय म्हणून एक नवी रीत तयार केली आणि जुलै १९९५ मध्ये ती सर्वांस मोफत दिली. तिचे नाव ‘सिक्युअर शेल’, म्हणजे सुरक्षित कवच, संक्षेपाने एसएसएच. वर्ष संपण्यापूर्वी सुमारे ५० देशांतील २०,००० लोक ती वापरू लागले होते. १९९९ मध्ये ओपनएसएसएच ही तिची मुक्त आवृत्ती निघाली, २००६ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आणि २०१८ पासून विंडोज प्रणालीतही ती अंगभूत मिळू लागली. जगातील बहुतेक लिनक्स सर्व्हरांची देखभाल आज याच मार्गाने होते.

या रीतीत उपरण्याचे काम प्रथम उरकले जाते. दोन संगणक उघड्या तारेवर काही संख्यांची देवघेव करतात, आणि त्यांतून दोघांसच ठाऊक असणारे एक गुपित निष्पन्न होते. ऐकणाऱ्यास संख्या कळतात, गुपित कळत नाही. ही युक्ती डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकनांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतरचे सर्व बोलणे त्या गुपिताच्या आड चालते. परंतु आधी म्हटल्याप्रमाणे उपरण्याने हात ओळखू येत नाही. ओळखीसाठी किल्ल्यांची जोडी लागते.

या जोडीतील एक किल्ली खाजगी आणि दुसरी सार्वजनिक असते. खाजगी किल्लीने एखाद्या प्रश्नाचे उत्तर तयार करता येते; सार्वजनिक किल्लीने ते उत्तर बरोबर आहे की नाही, एवढेच पडताळता येते. सार्वजनिक किल्ली साऱ्या गावास वाटली तरी बिघडत नाही. खाजगी किल्ली मात्र धन्याच्या संगणकाबाहेर कधीच जात नाही. ओळख पटविण्यासाठी गुपित उच्चारावेच लागत नाही, हे या रीतीचे मर्म आहे.

हे चमत्कारासारखे वाटते. परंतु ते निव्वळ अंकगणित आहे, आणि फळ्यावर करून दाखविता येते. अमेरिकेतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेल्या पद्धतीचे हे लहानसे रूप पाहावे. (ब्रिटनच्या एका गुप्त खात्यातील क्लिफर्ड कॉक्स याने तीच पद्धत १९७३ मध्येच शोधली होती, पण ते १९९७ पर्यंत जगास कळले नाही.)

समजा, सार्वजनिक किल्ली ‘३ आणि ३३’ अशी आहे. ती फळ्यावर लिहून ठेवावी. खाजगी किल्ली ७ आहे. ती एका मुलाच्या कानात सांगावी. आता पहारेकरी झालेला मुलगा प्रश्न म्हणून ४ ही संख्या देतो. खाजगी किल्लीचा धनी ४ चा सातवा घात काढतो: १६,३८४. त्यास ३३ ने भागले असता भागाकार ४९६ आणि बाकी १६ येते. तो उत्तर देतो, ‘१६’. पहारेकरी फळ्यावरील किल्ली घेऊन १६ चा तिसरा घात काढतो: ४,०९६. त्यास ३३ ने भागले असता भागाकार १२४ आणि बाकी ४. विचारलेली संख्या परत आली! समोरच्याजवळ खरी किल्ली आहे अशी पहारेकऱ्याची खात्री पटली. आणि तरीही ७ हा अंक कोणी उच्चारला नाही.

हुशार मुलगा लगेच विचारील, ‘गुरुजी, ७ शोधून काढता येणार नाही काय?’ या उदाहरणात येईल. ३३ चे अवयव ३ आणि ११. प्रत्येकातून एक वजा करून गुणाकार केला की २ गुणिले १०, म्हणजे २० मिळतात. ज्या संख्येस ३ ने गुणले असता २० ने भागून बाकी १ उरते ती संख्या ७. कारण ३ सत्ते २१. अवयव सापडले की किल्ली सापडली. परंतु प्रत्यक्षात ३३ च्या जागी ६०० हून अधिक अंकांची संख्या घेतात. तिचे अवयव व्यवहार्य काळात पाडण्याची रीत आजच्या संगणकांजवळ नाही. अलीकडे निराळ्या गणितावर आधारलेल्या, याहून पुष्कळ आखूड किल्ल्याही प्रचारात आहेत. एडी-२५५१९ या २०११ मधील पद्धतीची सार्वजनिक किल्ली एका ओळीत मावते.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावयाची. पहारेकऱ्याचा प्रश्न दर भेटीस नवा असतो. काल कोणी ‘१६’ हे उत्तर चोरून ऐकले असले, तरी आज प्रश्न ४ नसून दुसराच काही असेल. परवलीचा शब्द एकदा चोरला की पुन्हा वापरता येतो. येथे चोरलेले उत्तर शिळे होते.

पाहुण्याने ओळख द्यावयाची, तशी घरानेही द्यावयाची असते. म्हणून प्रत्येक सर्व्हराजवळ त्याची स्वतःची किल्ली असते. प्रथम भेटीच्या वेळी त्या किल्लीचा आखूड ठसा पडद्यावर दिसतो आणि ‘हा खरा काय?’ असे विचारले जाते. शेकडा किती लोक हा ठसा पडताळतात कोणास ठाऊक. बहुतेक ‘होय’ असे दाबून पुढे जातात. ही सवय घातक आहे. तो ठसा देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्याकडून कागदावर मागवून घ्यावा किंवा दूरध्वनीवर वाचून पडताळावा. पुढे कधी ‘सर्व्हराची किल्ली बदलली आहे’ असा इशारा दिसला, तर यंत्र नव्याने बसविले असेल, नाहीतर मध्ये तोतया बसला असेल. विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

आतापर्यंत एक माणूस आणि एक सर्व्हर यांचा विचार झाला. कार्यालयाच्या मोठ्या जाळ्यात गोष्ट इतकी सोपी राहत नाही. समजा, एका कार्यालयात ४० सर्व्हर आणि २५ कर्मचारी आहेत. प्रत्येकाची सार्वजनिक किल्ली प्रत्येक सर्व्हरावर ठेवावयाची, तर एक हजार नोंदी झाल्या. एका कर्मचाऱ्याची बदली झाली की ४० ठिकाणची नोंद खोडावयास हवी. ३९ ठिकाणी ती खोडली आणि एका ठिकाणी राहिली, तर तो दरवाजा वर्षानुवर्षे उघडा राहतो. अशा विसरलेल्या किल्ल्या ही या रीतीची मोठी दुखणी आहेत.

यावरचा उपाय जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेवरून सहज समजेल. काष्टीच्या शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकाची चौकशी प्रत्येक गावकरी स्वतंत्रपणे करीत नाही. त्याचा नेमणुकीचा आदेश असतो, सेवापुस्तक असते, आणि त्या एका दप्तरावर सर्वांचा भरवसा असतो. अनेक संगणक असेच एका दप्तराखाली आणले म्हणजे त्या समूहास डोमेन म्हणतात. कोण कर्मचारी, त्याचा अधिकार किती, तो कामावर आहे की नाही, हे त्या एकाच ठिकाणी नोंदलेले असते. तेथे नाव खोडले की सर्व दारे एकदम बंद होतात.

डोमेनमध्ये किल्लीची सोय तीन प्रकारे करतात. पहिला प्रकार असा की, सार्वजनिक किल्ल्या प्रत्येक सर्व्हरावर न ठेवता मध्यवर्ती दप्तरातच ठेवावयाच्या, आणि सर्व्हराने दर वेळी तेथे विचारावयाचे. दुसरा प्रकार प्रमाणपत्राचा. कार्यालय आपल्या मुख्य किल्लीने कर्मचाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीवर जणू शिक्का मारते आणि त्यावर मुदतीची तारीख घालते. सर्व्हर केवळ शिक्का आणि तारीख पाहतो. मुदत संपली की प्रमाणपत्र आपोआप निरुपयोगी होते. ही सोय ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून आहे. तिसरा प्रकार तिकिटाचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथीना प्रकल्पातून केर्बेरॉस नावाची पद्धत निघाली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरील तीन डोक्यांच्या कुत्र्याचे ते नाव आहे. तीत कर्मचारी सकाळी मध्यवर्ती ठिकाणी एकदा ओळख देतो, मर्यादित वेळेचे तिकीट घेतो आणि दिवसभर तेच दाखवितो. विंडोजच्या डोमेनमध्ये २००० सालापासून हीच पद्धत मूळ धरून आहे.

आता प्रत्यक्ष उभारणीचा क्रम थोडक्यात पाहू जाता तो असा. कर्मचाऱ्याने किल्ल्यांची जोडी आपल्या स्वतःच्या संगणकावर तयार करावी. दुसऱ्याने तयार करून दिलेली खाजगी किल्ली ही खाजगी नव्हे. त्या किल्लीवर एक लांब गुप्त वाक्य घालावे, म्हणजे संगणक चोरीस गेला तरी किल्ली लगेच चालणार नाही. हे वाक्य केवळ त्या संगणकापुरते असते. ते तारेवरून जात नाही. सार्वजनिक किल्ली कार्यालयात देताना ती त्याच माणसाकडून आली याची समक्ष किंवा दूरध्वनीवर खात्री करावी. येथे ढिलाई झाली, तर पुढचे सारे गणित तोतयाची सेवा करील. मग किल्लीने प्रवेश होतो की नाही, हे दुसऱ्या खिडकीतून तपासावे, आणि तो झाल्यावरच पासवर्डचा जुना दरवाजा बंद करावा. हा क्रम उलटा केला, तर किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखे होते. अडचणीच्या वेळेसाठी एक राखीव किल्ली मोहोरबंद लखोट्यात जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवावी. शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नोंदवही: कोणाची किल्ली, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेपर्यंत. बदली, निवृत्ती वा मृत्यू घडताच त्याच दिवशी नोंद खोडावी.

हे सारे शहरातील कार्यालयांचे काम झाले, असे मात्र नाही. याच किल्लीचे काम खेड्यापर्यंत केव्हाच पोहोचले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा किल्लीच्या सहीस कायद्याची मान्यता दिली. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याची खाजगी किल्ली एका लहानशा उपकरणात असते. तिने उताऱ्यावर सही होते, आणि सार्वजनिक किल्लीने ती पडताळता येते. काष्टीच्या शेतकऱ्याने कर्जासाठी दिलेला उतारा खरा की बनावट, हे अशा रीतीने ठरते. फळ्यावरील ३३ च्या उदाहरणात आणि त्यात तत्त्वतः भेद नाही. त्याचप्रमाणे २०२२ पासून गूगल, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी ‘पासकी’ नावाची सोय पुढे आणली आहे. तीत मोबाइल फोनमध्येच किल्ली राहते आणि बोटाच्या ठशाने ती जागी होते. अर्थात किल्लीने प्रवेश करण्याची रीत आता प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आली आहे.

मग अडचण कोठे आहे? ती गणितात नसून सवयीत आहे. शाळाशाळांतून एक गोष्ट सर्रास घडते. एका शिक्षकास संगणकाचे काम चांगले येते. तो शेजारच्या चार शाळांची माहितीही भरून देतो. त्यासाठी चौघा मुख्याध्यापकांचे पासवर्ड त्याच्या वहीत लिहिलेले असतात. कोठे हेच काम तालुक्याच्या दुकानदाराकडे जाते आणि पासवर्ड त्याच्या भिंतीवर चिकटतो. यात कोणाची वाईट बुद्धी नसते. असते ती मदत आणि घाई. परंतु एखाद्या मुलाची जन्मतारीख बदलली गेली, वा वेतनबिलातील खात्याचा क्रमांक फिरला, तर प्रणालीत नोंद पडते ती मुख्याध्यापकाच्या नावावर. ‘मी तेव्हा वर्गावर होतो’ हे त्याचे म्हणणे खरे असूनही सिद्ध करावयास पुरावा राहत नाही. आणि ज्या मुलाच्या दाखल्यावर चुकीची तारीख पडली, त्यास पुढे प्रत्येक अर्जाच्या वेळी ती नडते.

शिक्षकी पेशात हजेरीपटावर दुसऱ्याची सही करणे निंद्य मानतात. पासवर्ड दुसऱ्यास देणे म्हणजे अनेक कोऱ्या कागदांवर सह्या करून देणे होय. ज्यास मदत हवी त्याने मदतनीसास शेजारी बसवावे, पण प्रवेश स्वतः करावा. आणि जेथे प्रणालीत सोय असेल, तेथे मदतनीसासाठी मर्यादित अधिकाराचे स्वतंत्र खाते मागून घ्यावे. दुकानातील संगणकावर काम करणे भागच पडले, तर काम संपताच बाहेर पडावे आणि ‘पासवर्ड जपून ठेवू काय?’ या प्रश्नास नकार द्यावा. जेथे किल्लीची वा पासकीची सोय असेल तेथे ती पत्करावी. किल्लीचा आणखी एक लाभ असा की, ती तोंडाने सांगता येत नाही. त्यामुळे भिडेखातर देऊन टाकण्याचा प्रसंगच येत नाही.

या महिन्यात पाचवीच्या वरच्या एखाद्या वर्गात भागाकार आणि बाकी यांचा सराव घेताना ३३ चे उदाहरण अवश्य करवून घ्यावे. ४ च्या जागी २ किंवा ५ घेऊन पाहावे. दर वेळी विचारलेली संख्याच परत येते. एका मुलास पहारेकरी करावे, एकास किल्लीचा धनी, आणि एकास चोरून ऐकणारा. चोरून ऐकणाऱ्या मुलाने जुनेच उत्तर नव्या प्रश्नास दिले आणि पहारेकऱ्याची बाकी जुळेना, म्हणजे वर्गात हशा पिकेल. तो विषय मुलांस समजला असे खुशाल समजावे. आणि मग शिक्षकाने घरी जाऊन आपले पासवर्ड कोणाकोणाच्या वहीत आहेत याची यादी करून ते बदलावेत.